लाखेखालचा परवाना

१

मधुकररावांनी लाखेच्या कडेला कात्री घातली, दोरा ओढून बाजूला टाकला, पुठ्ठे उघडले आणि म्हणाले, "अरे?"

मधुकरराव पाठक आमचे हेडक्लार्क. चार वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून मी टायपिंग केलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुठ्ठ्यांमध्ये पासपोर्ट होता. करारपत्र होतं. परवाना नव्हता.

ही १९७४ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. सीताबर्डीवर कापडाच्या दुकानाच्या माडीवर गोपाळरावांचं ऑफिस होतं. बाहेरदेशच्या कंपन्यांना इकडचे कसबी कामगार मिळवून देण्याचं काम. खाली दिवसभर थानं उलगडल्याचा आवाज आणि वर आफ्रिकेतून आलेली पत्रं. पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून मी सोडवून ठेवत असे. त्यांतली काही अजून माझ्याजवळ आहेत.

त्या वर्षी नायजेरियातल्या काडुना गावच्या एका कापड गिरणीला एक जॉबर हवा होता, म्हणजे गिरणीतला माग बिघडला की आवाजावरून दोष ओळखून तो चालू करून देणारा माणूस. असा माणूस आपल्या मनाने तिकडे जाऊ शकत नसे. कंपनीने त्याच्या नावानिशी हमी घ्यायची, मग तिथलं सरकार परवाना देणार, आणि तोही त्याच कंपनीत काम करण्यापुरता. आम्ही दोन नावं कळवली होती. पहिलं रुपराव हेडाऊ, दुसरं भैयाजी खापेकर. दोघं एकाच मिलमध्ये, दोघांची घरं तांडापेठेत भिंतीला भिंत लागून. परवाना रुपरावांच्या नावाने आला. भैयाजींचे कागद तयार ठेवायचे, पहिल्याचं काही अडलं तर.

परवान्याला एक कुटुंबपत्र टाचलेलं असे. ते आमच्याच ऑफिसात टाइप होई. माणूस आधी एकटा जाई, सहा महिन्यांनी बायकोला बोलावू शके. पण तिचं नाव आणि फोटो पहिल्याच वेळी या पत्रात लागे, आणि मुंबईला त्यावर शिक्का पडला की पुढे बदल होत नसे.

शनिवारी दुपारी हे सगळे कागद आमच्या देखत दोन पुठ्ठ्यांत घालून, मिलच्या जाड सुताने आडवे-उभे बांधून, गाठीवर लाख ओतून मधुकररावांनी पितळी शिक्का दाबला होता. सोमवारी कंपनीच्या मुंबईतल्या कचेरीची तार आली: परवान्याचा नंबर कळवा, कागद शुक्रवारपर्यंत पोचले नाहीत तर दुसऱ्या माणसाला पाठवू. म्हणून पुडकं उघडलं.

लाख शाबूत होती. शिक्का स्वच्छ उमटलेला होता. दोऱ्याला दुसरी गाठ नव्हती.

गोपाळरावांनी त्या लाखेवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "मधुकरराव, लाख तुमची. शिक्का तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. मग बाहेरचा माणूस यात शिरला कुठून?"

२

पोलिसांत जायची सोय नव्हती. तक्रार झाली की पासपोर्ट अडकून पडला असता. म्हणून गोपाळरावांनी नत्थूजी ढोबळ्यांना बोलावलं, आणि ते मंगळवारी सकाळी आले. नत्थूजी पोलिसातून जमादार होऊन निवृत्त झालेले. डोक्यावर काळी टोपी, तोंडात सुपारी. चौकशीची त्यांची एकच तऱ्हा: माणसाला काम करताना गाठायचं आणि काम थांबवू द्यायचं नाही. "हात चालू ठेवा जी," ते म्हणत. "हात थांबला का तोंड खोटं बोलाले मोकळं होते."

त्यांनी आधी मधुकररावांना गाठलं.

"पंडतजी, परवाना आत ठेवलाच नसन तं?"

"सर्वांसमोर ठेवला. या सुभद्राबाईंनी यादी वाचली, मी एकेक कागद ठेवत गेलो."

"ठेवला," मी म्हटलं. पण म्हणताना मला प्रश्न पडला, की मी यादी वाचत होते, तेव्हा माझे डोळे कुठे होते?

"शनिवारपासून आजपर्यंत पुडकं कोठी होतं?"

यावर गोपाळराव जरा ओशाळले. आमच्या ऑफिसात एक रीत पडून गेली होती. पारशिवनीकडच्या एका म्हातारीने, पासपोर्ट देवापुढे ठेवल्याशिवाय मुलाला जाऊ देणार नाही, असा हट्ट धरला होता. तेव्हापासून जाणाऱ्याचं पुडकं रविवारी पूजेसाठी त्याच्या घरी द्यायचे. अट एकच, लाख लावूनच द्यायचं. रुपरावांकडेही ते शनिवारी गेलं आणि रविवारी संध्याकाळी परत आलं. गोपाळरावांनी ते तसंच कपाटात ठेवलं.

"पूजेले कोण होतं?"

"घरची माणसं, भैयाजी आणि मी," मधुकरराव म्हणाले. "जेवायला बोलावलं होतं."

"वा. म्हणजे देवापुढं पुडकं, पुडक्यापुढं सगळे." नत्थूजींनी टेबलावरून दोरा उचलला. लाखेजवळ कापल्यामुळे बाकीचा दोरा सलग होता. त्यांनी तो खिडकीशी नेऊन वीत-वीत सरकवत पाहिला. पुडक्याच्या पाठीमागे जो भाग येत होता तिथे बोटभर जागा कुरतडून फुसफुशीत झाली होती.

"हे काय वं, सुभद्रा?"

"झुरळं," मी म्हटलं. "कपाट भरलंय झुरळांनी. डिंकाची बाटलीसुद्धा ठेवत नाहीत."

"एवढा हातभर दोरा, अन् खाल्ला बोटभर?"

"भूक तेवढीच असेल."

ते हसले नाहीत. दोरा गुंडाळून त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवला, डबी खिशात टाकली आणि म्हणाले, "वही घे. तांडापेठेत जाऊन येऊ. अन् पंडतजी, तुम्ही घरी जाऊ नका."

मधुकररावांनी कपाटासमोर खुर्ची ओढली आणि बसले.

३

भैयाजी दारात बसून मागावरच्या धोट्याची टोकं कानशीने घासत होते. आम्हाला पाहून उठू लागले, तर नत्थूजींनी खांद्यावर हात ठेवून बसवलं.

"हात चालू ठेवा."

"लिस्टीत दुसरा नंबर लागला म्हणजे चोर झालो का जी?"

"चोर कोण म्हणून राहिलं? मी तं चहा प्यायले आलो."

"चहासाठी टायपिस्ट बाई संगं आणली?"

"तिलेही चहा लागते. भैयाजी, मधुकररावाच्या टेबलाखाली मिरच्यायची थैली पाह्यली म्या. त्या मिरच्या त्याले कोणी देल्ल्या?"

त्या लाच म्हणून दिल्या असाव्यात, असा नत्थूजींचा संशय दिसला. भैयाजींनी कानस खाली ठेवली नाही. "म्याच देल्ल्या. सासुरवाडी भिवापूरची हाये माही. पंडतजीले देल्ल्या, गोपाळरावाले देल्ल्या, या बाईलेही देल्ल्या. विचारा."

मी वहीत डोकं घातलं. त्याच मिरच्यांचा ठेचा त्या दिवशी माझ्या डब्यात होता.

आत त्यांची बायको पंचफुला मागाजवळ बसली होती. जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला होता, आणि त्याच्या एकेका धाग्याला ती नव्या ताण्याचा धागा जोडत होती. त्यावेळी तांडापेठेतल्या बायका हे काम घरोघरी करत. बोट राखेत टेकवायचं, भाताच्या खळीत टेकवायचं, दोन टोकं चिमटीत धरून एक पीळ द्यायचा. झालं. गाठ मारायची नाही, कारण गाठ मागाच्या फणीतून जात नाही. पाहताना वाटे, धागा तुटलाच नव्हता.

"हे टिकते का बाई?" नत्थूजींनी विचारलं.

"टिकते का?" ती हसली. "या जोडावर माग चालते बाप्पा! ओढून पाहा."

त्यांनी ओढून पाहिलं. जोड सुटला नाही. त्यांचा हात सावकाश चष्म्याच्या डबीच्या खिशावरून फिरला.

भिंतीवर पंचफुलेचा नवा फोटो होता. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ती म्हणाली, "तुमच्याच हापिसानं सांगतलं ना, बायकोचाही फोटो पाहिजे म्हणून. फोटोवाला म्हणे हासू नका. मी हासलो, तं त्यानं पुन्हा काढला. नंबर दुसरा असला म्हणून काय झालं, फोटो तं पहिल्या नंबरचा आला!"

"रविवारी शेजारी पूजेले गेल्ता?"

"गेलो, पण अंगणातच बसलो. बाहेरची होतो मी."

म्हणजे तिची पाळी चालू होती, तिला कोणी शिवायचं नव्हतं. देवाच्या खोलीत जायचं नाही, पुडक्याला हात लावायचा नाही. फार सोयीचा विटाळ, असं माझ्या मनात आलं. बाहेर पडल्यावर मी नत्थूजींना तसं म्हटलंही. ही जोडणारी, हिचाच नवरा दुसरा, आणि पुडकं एका भिंतीपलीकडे.

"अजून एक घर बाकी हाये," ते म्हणाले. "घाई करू नको. घाईनं धरलेला चोर लवकर सुटते."

४

रुपराव घरीच होते. कोपऱ्यात नवी पत्र्याची पेटी भरून तयार होती.

"परवाना माहा गेला, अन् तुम्ही माह्याच घरी चौकशी करून राहिले?"

"गेला तेथूनच शोधा लागते. पूजा कोणाच्या मनातली?"

उत्तर आतून आलं. रुपरावांची आई रुखमाबाई भिंत चाचपत बाहेर आली. "माह्या! हा तं नाहीच म्हणे. पुडकं घरी आणाचं कामच नाही म्हणे. मीच अडून बसलो. माह्या पोराचा कागद माह्या देवाले दिसू नये का?" तिने मला पाण्याचा गडू दिला तो माझ्या हाताच्या बाजूला, हवेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. मी गडू धरला.

"पंचफुलाबाई आत आल्ती का?"

"येते कशी? मीच तिले अंगणात बसवलं. पान तेथंच वाढलं तिले."

तर पंचफुला सुटली. मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी चिडले. सोमवार संपून मंगळवारची दुपार झाली होती, बुधवारच्या संध्याकाळच्या गाडीने कागद निघायला हवे होते, आणि ऑफिसात मधुकरराव कपाटासमोर खुर्चीवर असे बसले होते की जणू कोणी त्यांना तिथे बांधूनच ठेवलं आहे.

आतल्या खोलीत रुपरावांची बायको ताणा जोडत होती. "अनुसया, चहा ठेव वं," सासूने हाक दिली.

"हात चालू ठेवा, बाई," नत्थूजी उंबऱ्यातच बसले. "चहा नको."

उंच, लांबट चेहऱ्याची बाई. फोटोत मला ती गोल चेहऱ्याची वाटली होती. फोटोत माणूस वेगळंच दिसतं, असं मी स्वतःशी म्हटलं.

"रविवारी जेवण झाल्यावर काय केलं?"

"भांडे घासले. माणसं पानठेल्यावर गेल्ते. सासूबाई निजल्या."

"म्हणजे देवाजवळ तुम्ही एकट्याच."

"देव होता ना," ती म्हणाली. बोटं चालूच होती. राख, खळ, पीळ.

"खरं हाये. बरं, फोटो कोठी काढला तुमचा?"

तिची बोटं थांबली. एक धागा चिमटीत तसाच राहिला.

"यायले विचारा," ती नवऱ्याकडे न पाहता म्हणाली.

"काढला ना!" रुपराव मोठ्याने म्हणाले. "काढला, देल्ला हापिसात. या बाईनंच चिकटवला. सांगा ना बाई."

मी मान हलवली. चिकटवला होता हे खरंच होतं.

रस्त्यावर आल्यावर नत्थूजींनी एकच विचारलं. "सुभद्रा, त्या फोटोत कोण होतं?"

मला फक्त एक गोल चेहरा आठवला. दिवसाला वीस फोटोंना मी डिंक लावत असे. आणि नाव? नाव मी रुपरावांना विचारलं होतं. ते लाजल्यासारखं हसले होते आणि त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. आमच्या काळी पुरुषमाणूस चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे, घेणाऱ्याची थट्टा होई. मला त्यात वावगं वाटलं नाही.

आम्ही जवळजवळ धावतच ऑफिसात आलो. कुटुंबपत्राची कार्बन प्रत फायलीत होती. पत्नीचे नाव: गोपिका.

"सासरी नाव बदलतात," मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

"बदलतेत," नत्थूजी म्हणाले. "पण सासू तं सासरचंच नाव घेन ना? आत्ता तिनं कोणाले हाक मारली?"

५

बुधवारी दुपारी बारा वाजता सगळे ऑफिसात जमले. रुपराव, त्यांची आई आणि बायको एका बाकावर. भैयाजी आणि पंचफुला दुसऱ्यावर. मधुकरराव उभेच राहिले.

नत्थूजींनी डबी उघडून दोरा टेबलावर ठेवला.

"लाख फुटली नाही, गाठ सुटली नाही. म्हणून सगळे पंडतजीकडं पाहत होते. मी झुरळाकडं पाह्यलं. मिलचं हे सूत बिनखळीचं असते, झुरळाले त्याचं काही नाही. त्याले खळ लागते. या दोऱ्याले एकाच ठिकाणी खळ होती, पुडक्याच्या पाठीमागं. काहून? तेथं दोरा कापला अन् पुन्हा जोडला. गाठ मारून नाही. ताणा जोडतेत तसा, पीळ देऊन. टोकावर टोक चढवाले जास्तीचा दोरा लागते. तो कोठून आला? आतले दोन कागद निघाले, पुडकं बारीक झालं, दोरा सैल झाला. तेवढ्यात जोड बसला."

त्यांनी दोरा पाण्याच्या पेल्यात बुडवला, थोडा वेळ ठेवला आणि दोन बोटांनी उलटा पीळ दिला. दोऱ्याचे दोन तुकडे झाले. पाण्यात राखेचा करडा ठिपका तरंगला.

मधुकरराव खुर्चीवर बसले. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि पुसतच राहिले.

"तांडापेठेत हे काम बायका करतेत," नत्थूजी पुढे म्हणाले. "पूजेच्या घरी जोडणाऱ्या तीन होत्या. पंचफुलाबाई अंगणाच्या आत आल्या नाहीत. रुखमाबाईले धागा दिसत नाही. राहिली एक. आता पाहा, रुपरावाले अडवाचंच असतं तं पासपोर्ट नेला असता. तो पुन्हा काढाले वर्ष गेलं असतं. पण पासपोर्टाले हात नाही. नेला तो फक्त फोटोवाला कागद, अन् त्याले टाचलेला परवाना. ज्या माणसाले फोटो पाहाचा होता, त्याचं हे काम हाये."

"शेजारणीचा फोटो निघाला," अनुसयाबाई एकदम बोलल्या. सगळ्यांनी माना वळवल्या. "दुसऱ्या नंबरच्या बायकोचा फोटो, अन् पहिल्या नंबरच्या बायकोचा नाही. मी विचारलं तं म्हणे, गरज नाही. मंग मले पाहाच लागलं."

"काय पाह्यलं वं?" रुखमाबाईने विचारलं. तिला अजून कळलं नव्हतं.

"गोपिका."

गोपिका मिलमध्ये रिळं भरायची, नवरा वारलेला होता. तिला रुपरावांनी काय सांगून फोटो काढायला नेलं होतं, कोण जाणे. तिला त्या दिवशी कोणी बोलावलं नाही, आणि बोलवावं असं मीही सुचवलं नाही. आज इतक्या वर्षांनी ते बोचतं.

रुपराव उठले. "घरची गोष्ट हाये. घरी बोलू."

"घरी तीन महिने बोलले नाही तुम्ही," अनुसयाबाई म्हणाल्या.

गोपाळरावांनी घसा साफ केला. "रुपराव, कुटुंबपत्र खोटं निघालं तर परवाना रद्द होतो. मी आत्ता भैयाजीचे कागद पाठवू शकतो, आणि पाठवायला पाहिजेत. पण कागद या बाईंकडे आहे. बाई, तुम्ही सांगा."

भैयाजी पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. कोणालाही कळलं असतं. पंचफुला मात्र अनुसयाबाईंकडे पाहत होती.

"फाडला नाही मी," अनुसयाबाई म्हणाल्या. "मागावर हाये. विणलेलं लुगडं जेथं गुंडाळलं जाते, त्याच्या घडीत. हे इथं राहिले तं मले काय भेटन? तीच गल्ली, तीच मिल, तीच गोपिका. जाऊ द्या. पण नवा कागद करा, अन् नाव यायच्या तोंडानं घ्या. चिठ्ठी नको."

मी मशीनमध्ये कोरं कुटुंबपत्र चढवलं. घड्याळात साडेबारा झाले होते. फोटो काढायचा होता, पुडकं बांधायचं होतं, गाडी सहाची होती.

"पत्नीचं नाव?" मी विचारलं.

रुपराव खिडकीकडे वळले. खाली दुकानात कोणीतरी थान उलगडत होतं.

"बोल ना गा!" रुखमाबाई किंचाळली. "परक्या बाईचं नाव लिहाले लाजला नाही, अन् लग्नाच्या बायकोचं घ्याले लाजतं?"

"अनुसया," ते म्हणाले.

"पूर्ण," अनुसयाबाई म्हणाल्या.

"अनुसया रुपराव हेडाऊ."

मी एकेक अक्षर दाबलं. अनुसयाबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. कागद इंग्रजीत होता, तो त्यांना वाचता येत नव्हता, म्हणून मी मोठ्याने वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग पदर खांद्यावर ओढून घेत त्या पंचफुलेला म्हणाल्या, "चाल वं. पहिले फोटोवाला, मंग घरी. लुगडं मधूनच कापा लागते, एकटीच्यानं व्हाचं नाही."

पंचफुलेने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. भैयाजींनी मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती उठली. दोघी जिना उतरून गेल्या.

एकेक जण पांगला. गोपाळराव मधुकररावांना आत घेऊन गेले, बहुधा माफी मागायला. रुपराव मात्र माझ्या टेबलाशीच उभे राहिले. जिन्यावरचा आवाज पुरता थांबेपर्यंत ते थांबले, आणि मग वाकून, हलक्या आवाजात म्हणाले,

"बाई, तिकडं गेल्यावर हा कागद बदलता येते का?"

"नाही," मी म्हटलं, आणि कागद मशीनमधून काढला.